गाणं चार्टवर चढतं कसं आणि उतरतं कसं: गोव्यातल्या भजनी मंडळांसाठी आणि नव्या गायकांसाठी

मागच्या श्रावणात साखळीकडच्या एका भजनी मंडळाच्या बुवांचा रात्री साडेदहाला फोन आला. "अरे, संध्याकाळी आपला अभंग अडतिसाव्या नंबरावर होता. आता यादीतच दिसत नाही. कोणी काढला?" आवाजात काळजी होती. कोणीच काढला नव्हता. आरती संपल्यावर मंडळातल्या आणि वाड्यावरच्या मिळून अठरा जणांनी अर्ध्या तासात तो अभंग विकत घेतला होता. त्यानंतर कोणी घेतला नाही, म्हणून तो जितक्या लवकर वर गेला तितक्याच लवकर खाली आला.

फोंड्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनं, घुमट आरत्या (घुमट हे मातीचं तालवाद्य) आणि नाट्यगीतं रेकॉर्ड करून ती डिजिटल दुकानांत पोचवण्याचं काम मी करतो. बुवांनी विचारला तोच प्रश्न दरवर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी दहाजण तरी विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीच्या यादीवर, दिसतो तो वेग. ठरावीक काळात इतरांच्या तुलनेत तुमचं गाणं किती जणांनी घेतलं किंवा ऐकलं, एवढंच तो सांगतो. गाणं किती चांगलं आहे आणि किती वर्षं टिकेल, हे त्याला विचारून उपयोग नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

पहिली पायरी: कोणता चार्ट बघताय ते ओळखा

लोक स्क्रीनशॉट पाठवतात आणि खाली लिहितात, "आपण चौथे." कुठे चौथे, ते आधी बघायला हवं.

विक्रीचा चार्ट वेगळा आणि ऐकण्याचा वेगळा. ॲपलचं आयट्यून्स दुकान अमेरिकेत २८ एप्रिल २००३ रोजी उघडलं. एक गाणं ९९ सेंटला मिळे आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. डाउनलोड विक्रीच्या चार्टचं युग तिथून सुरू झालं. फेब्रुवारी २००५ पासून अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या हॉट हंड्रेड या मुख्य चार्टमध्ये डाउनलोड मोजले जाऊ लागले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सिंगल्स चार्टनेही ते घेतले. भारतात आयट्यून्स दुकान आलं ते डिसेंबर २०१२ मध्ये. नेमकं त्याच वर्षी अमेरिकेत डाउनलोड विक्रीने कळस गाठला होता: वर्षभरात १३३ कोटींहून जास्त गाणी. त्यानंतर स्ट्रीमिंग (गाणं विकत न घेता नेटवर ऐकणं) वाढत गेलं आणि विक्री ओसरली. म्हणजे आपल्याकडे दुकान उघडलं तेव्हा तिकडचा बाजार उतरणीला लागायच्या बेतात होता. भारतात गाणं विकत घेणारे आजही मोजकेच आहेत, आणि म्हणूनच अठरा खरेदीदार एका भजनाला अडतिसाव्या नंबरावर नेऊ शकतात.

स्पॉटिफायचा चार्ट ऐकण्यावर चालतो. तिथे ३० सेकंद वाजल्यावर एक स्ट्रीम धरला जातो. यूट्यूबचा साप्ताहिक चार्ट शुक्रवार ते गुरुवार असा मोजतात. हॉट हंड्रेड आणि ब्रिटनचा अधिकृत चार्ट हे एकत्रित आहेत. त्यांत विक्री आणि स्ट्रीमिंग दोन्ही येतात, शिवाय हॉट हंड्रेडमध्ये रेडिओही येतो.

देशही बघा. आयट्यून्सचे चार्ट प्रत्येक देशाचे वेगळे असतात. तुमच्या दुबईतल्या भाच्याने तिथल्या खात्यावरून गाणं घेतलं तर ते अमिरातीच्या यादीत धरलं जाईल, भारताच्या यादीत नाही. ज्या देशाच्या दुकानात खरेदी कमी असते तिथे थोडक्या डाउनलोडवर पहिला नंबर मिळू शकतो. "दहा देशांत अव्वल" अशी जाहिरात दिसली की ते देश कोणते, हे आधी वाचा.

दुसरी पायरी: मोजणीची खिडकी समजून घ्या

गणिताचा खरा भाग इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा, दोन गाणी एकाच शुक्रवारी आली. पहिल्या गाण्याच्या मंडळींनी जोर लावला आणि पहिल्या दिवशी ३०० प्रती खपल्या. पुढे रोज १०. दुसऱ्या गाण्याच्या रोज ४०, ना जास्त ना कमी. शुक्रवारचा दिवसाचा चार्ट बघाल तर पहिलं गाणं साडेसात पट पुढे. आठवड्याचा बघाल तर ३६० विरुद्ध २८०, पहिलं अजून पुढेच, पण अंतर घटलेलं. तीस दिवसांचा हिशोब केला तर पहिल्याचे ५९० आणि दुसऱ्याचे १२००. गाणी तीच, विक्री तीच. खिडकी बदलली आणि विजेता बदलला.

दुकानाच्या आतला चार्ट, म्हणजे आयट्यून्ससारखा, दिवसातून अनेकदा बदलतो आणि ताज्या विक्रीला जास्त वजन देतो. ॲपलने त्याचं सूत्र जाहीर केलेलं नाही. पण वागणूक कशी असते ते कळावं म्हणून असं धरा की दर सहा तासांनी जुन्या विक्रीचं वजन निम्मं होतं. बुवांचे संध्याकाळी सातचे अठरा डाउनलोड रात्री एकला नऊसारखे, सकाळी सातला साडेचारासारखे. त्यात नवीन भर पडली नाही तर गाणं जागेवर राहूच शकत नाही. तेच अठराजण दोन दिवसांत विखरून घेते तर अडतिसावा नंबर दिसलाच नसता, पण गाणं यादीच्या तळाशी जास्त वेळ टिकलं असतं.

साप्ताहिक चार्ट धीमे असतात. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी आणायची पद्धत रुळली, आणि बिलबोर्डचा मोजणीचा आठवडाही तेव्हापासून शुक्रवार ते गुरुवार झाला. याचा व्यवहारी अर्थ सरळ आहे. गाणं बुधवारी आणलंत तर पहिल्या आठवड्यात दोनच दिवस हाती येतात आणि पहिला उत्साह दोन आठवड्यांत वाटला जातो. मुहूर्त चांगला म्हणून बुधवार धरणाऱ्यांना मी म्हणतो, पूजा बुधवारी करा, नारळ बुधवारी वाढवा, गाणं शुक्रवारी येऊ द्या.

तिसरी पायरी: विकत घेणं एकदाच, ऐकणं पुन्हा पुन्हा

विक्रीचा चार्ट इतका कडेलोट झाल्यासारखा का कोसळतो, याचं उत्तर साधं आहे. एक माणूस एक गाणं एकदाच विकत घेतो. तुमचे शंभर चाहते असतील तर ते पहिल्या दोन दिवसांत घेऊन मोकळे होतात, आणि मग नवा माणूस मिळाल्याशिवाय आकडा हलत नाही. स्ट्रीमिंगमध्ये तेच शंभरजण रोज ऐकू शकतात. म्हणून विक्रीच्या चार्टवर गाणी टोकदार वर जातात आणि टोकदार खाली येतात. ऐकण्याच्या चार्टवर ती हळूहळू चढतात आणि महिनोन्महिने रेंगाळतात.

यातूनच एक ओळखही सापडते. एखादं गाणं विक्रीत तिसरं आणि स्ट्रीमिंगमध्ये पहिल्या दोनशेतही नाही, तर मागे निष्ठावंत पण छोटा चाहतावर्ग आहे असं समजा. उलट चित्र असेल तर गाणं कानावर सगळीकडे पडतंय, पण पैसे मोजावेत इतकी ओढ कोणाला नाही. आपल्या भजनांचं चित्र बहुधा पहिलं असतं. त्यात कमीपणा काही नाही, पुढची मेहनत कुठे घ्यायची ते त्यातून कळतं.

नंबर घसरला म्हणजे ऐकणारे घटले असं नाही

क्रमांक नेहमी तुलनेचा असतो. तुमची विक्री रोज चाळीसच राहिली आणि शुक्रवारी मोठ्या हिंदी चित्रपटाची आठ गाणी एकदम आली, तर तुम्ही आठ जागा खाली जाल. तुमच्या हातून काहीच चुकलेलं नसतं. यादीच्या वरच्या टोकाला पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यात हजारोंचं अंतर असू शकतं, तर तळाला शंभराव्या आणि एकशे चाळिसाव्यात तीन प्रतींचं. खाली एका रात्रीत साठ जागांची उडी दिसली तर हुरळू नका, आणि साठ जागा घसरलात तर खचू नका.

गोव्याची गोष्ट यात विशेष लक्षात घ्यायची. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.५८ लाख होती, देशाच्या हजारात एक-सव्वा माणूस. पेडण्यापासून काणकोणापर्यंत घराघरांत वाजणारी घुमट आरती भारताच्या चार्टवर दिसणारही नाही. म्हणून देशाच्या यादीबरोबर शहरवार आकडे बघा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या ॲपमध्ये गाणं कोणत्या शहरांत ऐकलं जातंय ते कळतं. पणजी आणि मडगावच्या खाली मुंबई आणि पुणे दिसायला लागले की गाणं सीमेपलीकडे गेलं असं समजा. माझ्या लेखी ती खूण देशाच्या यादीतल्या नव्वदाव्या नंबरापेक्षा मोठी आहे.

गाणं वर कशाने जातं

बाहेरची एखादी घटना गाणं उचलते तेव्हा चढण सगळ्यात उभी असते. मायकल जॅक्सन २५ जून २००९ रोजी गेले, आणि अमेरिकेत एका आठवड्यात दहा लाखांहून जास्त डाउनलोड विकले गेलेले ते पहिले कलाकार ठरले. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, त्या रात्री मंगेशीहून फोंड्याला येताना प्रत्येक दुकानातून त्यांचाच आवाज येत होता. अशा लाटा कोणी आखत नाही.

आखलेली लाटही असते. २००९ च्या नाताळात ब्रिटनमध्ये एका जोडप्याने फेसबुकवर मोहीम चालवली, की टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याऐवजी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं १९९२ चं गाणं सगळ्यांनी एकाच आठवड्यात विकत घ्यायचं. पाच लाखांहून जास्त डाउनलोड झाले आणि ते पहिल्या नंबरावर गेलं. पुढच्याच आठवड्यात टीव्हीचा विजेता पहिला आला. मोहीम ज्या आठवड्यापुरती होती, त्या आठवड्यापुरतंच राज्य.

तिसरा प्रकार सणाचा, आणि आपला हात तिथे सगळ्यात बळकट आहे. सण दरवर्षी येतो आणि त्याची तारीख आधी माहीत असते.

काही गाणी नियमानेच खाली आणतात

हे फार लोकांना माहीत नसतं. जुनी लोकप्रिय गाणी जागा अडवून बसू नयेत म्हणून चार्टवाले स्वतःच त्यांना उतरवतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे पैसे भरून ऐकलेले १०० स्ट्रीम किंवा फुकट ऐकलेले ६०० स्ट्रीम एका विक्रीइतके धरतात. गाणं दहा आठवडे होऊन सलग तीन आठवडे घसरत असेल, तर हाच हिशोब २०० आणि १२०० होतो. म्हणजे ऐकणारे तेवढेच राहिले तरी गुण एका फटक्यात निम्मे. केट बुश यांचं १९८५ चं गाणं २०२२ मध्ये एका वेबमालिकेमुळे पुन्हा उसळलं, तेव्हा ते याच नियमात अडकलं होतं. चार्टवाल्यांनी सूट दिली आणि जूनमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. अमेरिकेच्या हॉट हंड्रेडवरही वर्षानुवर्षं असा नियम होता की २० आठवडे झालेलं गाणं ५० च्या खाली गेलं की यादीतून काढायचं. तेव्हा परदेशी चार्टवरची अचानक घसरण बघून निष्कर्ष काढण्याआधी गाण्याचं वय मोजा.

आता तुमची तयारी: २०२६ ची चवथ धरून

चवथ सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. दीड दिवसाचं विसर्जन मंगळवारी. मोजणीचा आठवडा शुक्रवार ११ ते गुरुवार १७, म्हणजे दोन्ही दिवस एकाच खिडकीत पडतात. अशी सोय दरवर्षी होत नाही.

गाणं मात्र त्या आठवड्यात आणू नका. मंडळं श्रावणातच घुमटावर आणि शामेळ या तालवाद्यावर सराव धरतात, तेव्हाच ते कानांत जायला हवं. शुक्रवार २१ ऑगस्ट हा दिवस मी धरीन. त्याआधी चार आठवडे, म्हणजे २४ जुलैपर्यंत, गाणं वितरकाकडे (डिजिटल दुकानांत गाणी चढवणाऱ्या कंपनीकडे) पोचलेलं असावं. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर किमान सात दिवस आधी, म्हणजे १४ ऑगस्टच्या आत. पहिला जोर २१ ला आणि दुसरा ११ सप्टेंबरला. सगळी शक्ती पहिल्याच दिवशी संपवू नका.

हक्क आधी तपासा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल कोणाची आहे? आपल्या कायद्यात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. परवानगी नसेल तर गाणं चढायला लागलं की नेमकं तेव्हाच उतरवलं जातं, आणि चढतं गाणं पुन्हा त्याच जागी आणता येत नाही.

आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक. याबाबत मी स्वतः फटका खाल्ला आहे. एका मंडळाची आरती आम्ही एका वितरकाकडून दुसऱ्याकडे हलवली. नव्या ठिकाणी जुना क्रमांक भरायचा होता. आम्ही तो पाठवला होता, तरी त्यांच्याकडून नवा पडला. दुकानांच्या लेखी ते वेगळं गाणं झालं. दोन वर्षांचे सगळे स्ट्रीम जुन्या नोंदीत राहिले, जुनी नोंद बंद झाली, आणि चवथीच्या आठ दिवस आधी आरती शून्यावर. मंडळातल्या पोरांचे चेहरे मला आजही आठवतात. वितरक बदलताना जुना आयएसआरसी, जुनंच शीर्षक आणि तीच ध्वनिफीत द्या, आणि गाणं नव्या ठिकाणी दिसल्यावर क्रमांक जुळतो का ते बघूनच जुनं बंद करा.

मंडळाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहा. "सातेरी" चार तऱ्हांनी लिहिता येतं, आणि चार तऱ्हांनी लिहिलं की चार कलाकार तयार होतात. प्रकार निवडताना आरतीला "पॉप" लावू नका. भक्तिसंगीताच्या यादीत गर्दी कमी असते, आणि ऐकणाराही तिथेच शोधतो.

मग सगळ्यात मोठी गळती: व्हॉट्सॲप. बुवांच्या गटात कोणीतरी प्रेमाने एमपीथ्री फाइल टाकली. ती दोनशे फोनांवर फिरली, चवथीभर वाजली आणि एकही वाजणं कुठे मोजलं गेलं नाही. फाइल पाठवू नका, दुवा पाठवा. तोही एकच, सगळ्या दुकानांची दारं उघडणारा. घरातल्या थोरांना बाजूला बसून एकदा दाखवा: "काकी, हे इथं दाबा, मग हा बाण." सत्तरी आणि काणकोणातल्या मूळ घरी रेंज दगा देते, तेव्हा निघण्याआधी ॲपमध्येच गाणं उतरवून घ्यायला सांगा. स्पॉटिफायवर ऑफलाइन ऐकलेलं फोन पुन्हा नेटला जोडला की मोजलं जातं. म्हणून आकडा चवथीच्या रात्री न बघता माणसं पणजी-म्हापशाला परतल्यावर बघा.

पैसे देऊन स्ट्रीम वाढवून देणारे भेटतील. दूर राहा. स्पॉटिफाय बनावट स्ट्रीम चार्टमधून गाळतं, आणि २०२४ पासून उघड बनावटगिरी सापडली तर वितरकाकडून प्रत्येक गाण्यामागे दंड घेतं. तो शेवटी तुमच्याच माथी येतो. यूट्यूबवर जाहिरात देऊन मिळवलेले व्ह्यूज २०१९ पासून त्यांच्या चार्टमध्ये धरतच नाहीत. ते पैसे चांगल्या मिक्सिंगवर घाला.

वही ठेवा

आकडे रोज एकाच वेळी लिहा. मी रात्री नऊला लिहितो. तारीख, यादीचं नाव, क्रमांक, त्या दिवशीचे डाउनलोड किंवा स्ट्रीम, आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही. बुवांच्या अभंगाच्या पानावर असं आहे: "शनि, अडतीस, आरतीनंतर सगळ्यांनी घेतला." "रवि, यादीत नाही." "गुरु, एकशे बारा, सप्ताहात गायले, तिथे दुवा दिला." "शुक्र, एकशे सहा." "शनि, एकशे नऊ." हे शेवटचे तीन आकडे मी बुवांना तांबड्या शाईने खूण करून दाखवले. अडतिसावा नंबर घरच्यांनी आणला होता. एकशे बारा ते एकशे सहा या जागा सप्ताहात पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनोळखी माणसांनी दिल्या, आणि ती तीन दिवस येत राहिली.

यंदा बुवांचं मंडळ नवा अभंग आणत नाहीये. तोच अभंग, तोच आयएसआरसी, २१ ऑगस्टला नव्या व्हिडिओसह पुढे करायचा ठरलाय, आणि ज्या तीन गावच्या सप्ताहात ते गाणार आहेत तिथे मंडपाच्या खांबावर दुव्याचा क्यूआर कोड लावायचा आहे. छपाईला तो मी कालच दिला.